शाळेत वेगवेगळ्या समाजांचा इतिहास शिकवावा का? (वर्गात हात वर करायला लावले त्यावरून)

रंकाळ्याकाठची
नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसती वाचते, आज लिहिल्याशिवाय राहवेना. माझा मुलगा सातवीला आहे, कोल्हापुरातच. गेल्या आठवड्यात वर्गात शिष्यवृत्तीचे फॉर्म आले. बाईंनी यादी हातात घेऊन सांगितलं, एस.सी. वाल्यांनी हात वर करा, मग व्ही.जे.एन.टी., मग ओबीसी. माझ्या मुलाचा जिगरी दोस्त, दोघं दुसरीपासून एका बाकावर, त्यानं हात वर केलाच नाही. बाईंनी नाव घेऊन उभं केलं, अरे तू कैकाडी ना, मग हात का नाही केलास? कुणीतरी फिसकन हसलं. मधल्या सुट्टीत दोघातिघांनी तोच शब्द शिवीसारखा वापरला. पोरगं दोन दिवस शाळेला आलं नाही, संध्याकाळी फुटबॉललाही नाही.

घरी येऊन माझ्या मुलानं विचारलं, आई कैकाडी म्हणजे काय. मला टोपल्या विणणारे लोक यापलीकडे काही सांगता आलं नाही. मी इतिहास घेऊन बी.ए. केलंय. अख्ख्या शिक्षणात या लोकांचं नाव एकदाही आलं नाही हे मला त्या रात्री कळलं आणि झोप लागली नाही.

माझी चुलत बहीण कॅलिफोर्नियात असते, तिच्या मुलीला नववीत एथ्निक स्टडीज नावाचा विषय आहे. तिथल्या काळ्या लोकांचा, मूळ रहिवाशांचा, मेक्सिकोतून आलेल्यांचा, आशियाई लोकांचा इतिहास, तोही त्यांच्या बाजूनं सांगितलेला. आपल्याकडे असं काही असावं का? मला वाटतं असावं. पण त्यानं पोरांच्या डोक्यात जात आणखी घट्ट बसेल का ही भीतीही आहे. मोकळेपणानं लिहा.

पेठेतला_गडी
ताई, पयलं त्या पोराला ग्राउंडवर परत आणा. विषयाचं नंतर बघू.

सरळमार्गी
माझं मत स्पष्ट आहे, नको. शाळेत जात काढूच नये. आमच्या वेळी कुणाला कुणाची जात माहीत नव्हती, सगळे एका डब्यात जेवायचो. हे असले विषय आणले की पोरं गट करून बसणार. शाळेत फक्त भारतीय. बाईंचं चुकलंच, पण त्यावर उपाय म्हणजे जातीचा उल्लेख कमी करणे, वाढवणे नाही.

फुटकी_खाण
@सरळमार्गी, तुमचा राग नाही, पण तुम्हाला माहीत नव्हती म्हणजे कुणालाच माहीत नव्हती असं नाही होत. मी वडार समाजाचा. आमच्या वर्गात मला माझी जात रोज माहीत असायची. डब्यात काय आणलंय हे झाकून खायचो.

आता ताईंच्या मुद्द्यावर. माझे आजोबा दगड फोडायचे, विहिरी खणायचे. आमची पोरं अजून खाणीवर आहेत. वयाच्या ३४ व्या वर्षापर्यंत मला हे माहीत नव्हतं की इंग्रजांनी १८७१ मध्ये एक कायदा केला आणि अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. म्हणजे पोर पाळण्यात आणि कागदावर गुन्हेगार. पुढे तो कायदा आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ज्यांची नावं त्यात गेली त्यांना चौकीवर हजेरी द्यायला लागायची, परवानगीशिवाय गाव सोडता यायचं नाही. स्वातंत्र्य मिळालं १९४७ ला, आमच्यासारख्यांवरचा तो शिक्का पुसला ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं उशिरा. म्हणून भटके विमुक्त लोक ३१ ऑगस्टला विमुक्त दिन करतात. विमुक्त हा शब्द तिथून आला. तुमच्या मुलाच्या दोस्ताच्या फॉर्मवर व्ही.जे. लिहिलंय ना, त्यातलं व्ही ते हेच.

आणि आपल्या कोल्हापूरची गोष्ट ऐका. शाहू महाराजांनी ही हजेरी आपल्या संस्थानात १९१८ लाच बंद केली. देशाच्या ३४ वर्षं आधी. फासेपारध्यांना नोकऱ्या दिल्या, पहाऱ्यावर ठेवलं. चोर म्हणून ज्यांच्यावर पहारा होता त्यांनाच पहारेकरी केलं राजानं. हे मला कुठल्या शाळेत सांगितलं नाही, एका सभेत कळलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, आजा सांगायचा की हजेरीचं, आम्हाला वाटायचं आपलंच कायतरी चुकलं असंल.

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. शाळेत हे शिकवावं का नको यावर माझं उत्तर तेवढंच आहे.

रंकाळ्याकाठची
@फुटकी_खाण दादा, वाचून थांबले. मुलाला रात्री वाचून दाखवते.

जोतिबाच्या_वाटेवर
+१ @फुटकी_खाण

बे_एरियाचा_करवीरकर
मी इकडं १९ वर्षं आहे, माझी दोन्ही पोरं इथल्या सरकारी शाळेत. एथ्निक स्टडीजबद्दल थोडं सांगतो कारण भारतात त्याबद्दल अर्धवट माहिती फिरते.

हा विषय कुणा सरकारनं वरून दिलेला नाही. १९६८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात काळ्या, मेक्सिकन, आशियाई, मूळ अमेरिकन विद्यार्थ्यांनी मिळून संप केला, पाचेक महिने चालला, पोलिसांचा मार खाल्ला, आणि १९६९ मध्ये तिथं एथ्निक स्टडीजचं स्वतंत्र कॉलेज सुरू झालं. शाळांमध्ये तो खूप नंतर आला. कॅलिफोर्नियानं २०२१ मध्ये कायदा केला की २०२९-३० ला पास होणाऱ्या मुलांना हायस्कूलमध्ये एक सेमिस्टर हा विषय करावाच लागेल. पण त्यात अट होती की सरकारनं पैसे दिले तरच. २०२५ च्या बजेटमध्ये पैसे ठेवलेच नाहीत, त्यामुळे आता काही शाळा शिकवतात काही नाही. म्हणजे इथंही भांडण मिटलेलं नाही.

उलट टोकाचंही झालं. अॅरिझोनात टुसॉनच्या शाळांमधला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम २०१० च्या कायद्यानं बंद पाडला. २०१७ मध्ये कोर्टानं सांगितलं की त्या बंदीमागं वंशद्वेष होता, बंदी घटनाबाह्य.

फायदा होतो का? स्टॅनफर्डच्या लोकांनी सॅन फ्रान्सिस्कोत अभ्यास केला होता. आठवीत मार्क कमी असलेल्या मुलांना नववीत हा विषय दिला, तर त्यांची हजेरी २१ टक्के पॉइंटनी वाढली, ग्रेडची सरासरी ४ पैकी १.४ नी. मला तर आधी खरं वाटेना. पुढं त्यावर टीकाही झाली की शाळा थोड्या, शिक्षक मनापासून तयारी केलेले, सगळीकडे असं होईलच असं नाही. तो मुद्दा बरोबर आहे. पण ज्या पोराला वर्गात आपलं कुणीच दिसत नाही ते पोर वर्गात कशाला येईल, हे समजायला अभ्यास लागत नाही, तुमच्या मुलाचा दोस्त दोन दिवस आला नाही ना.

आणि जाता जाता, जात इकडं विमानातनं आलीय बरं. २०२३ मध्ये सिअॅटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. ती उगीच नाही घातली.

सरळमार्गी
@बे_एरियाचा_करवीरकर माहितीबद्दल आभार. पण अमेरिकेचा वंश वेगळा, आपली जात वेगळी. तिकडं कातडीवरून ओळखतात, गुलाम म्हणून आणले होते. आपल्याकडे तसं नाही. त्यांचं औषध आपल्या दुखण्याला कशाला?

जुनं_दप्तर
@सरळमार्गी जात आणि वंश एक नाहीत हे मान्य. पण दोन्हींची तुलना करणं ही अमेरिकेची फॅशन इकडं आली असं समजू नका, ती आपल्या मातीतली आहे आणि दीडशे वर्षं जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून, मराठीत. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तरही आलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आता हे तिन्ही मराठी शाळेत एका तासात सांगितलं तर पोरांना महाराष्ट्र जगाशी कसा जोडलेला आहे ते कळेल की नाही?

दुसरं. वंशाचं खूळ आपल्यावरही लादलं होतं. १९०१ च्या जनगणनेचा मुख्य अधिकारी रिस्ली, तो लोकांच्या नाकाची लांबीरुंदी मोजून जात कुठल्या पायरीवर ते ठरवायला निघाला होता. नाक जितकं बारीक तितकी जात वरची असा त्याचा सिद्धांत. आणि याला उत्तर देणारी बाई आपली. इरावती कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या, त्यांच्या गाइडचं म्हणणं होतं की गोऱ्यांच्या कवटीची ठेवण बुद्धीची असते, बाकीच्यांची नसते. यांनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी त्याचा काही संबंध नाही असं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, गाइडच्या विरोधात. मी विज्ञानाचा शिक्षक असतो तर हा धडा पहिला घेतला असता.

पेठेतला_गडी
नाकाचं बरं आठवलं. आमच्या आत्तीनं माझ्यासाठी बघितलेली पयली पोरगी रंगावरनं नको म्हणून सांगितलं होतं. आत्ती सोता उन्हात भात लावून काळीकुट्ट. मी भांडून त्याच पोरीशी लगीन केलं, आता आत्ती तिच्याशिवाय जेवत न्हाई.

सूनबाई_कागल
@पेठेतला_गडी दादा नाद खुळा! वहिनींना सांगा आमचा नमस्कार.

स्टेडियमची_पायरी
रंगावरनं निघालंय तर मलाही बोलू द्या. आपलं कोल्हापूर म्हणजे फुटबॉल. पेठांच्या टीममधून नायजेरियाहून आलेले खेळाडू खेळून गेले, शाहू स्टेडियमवर मी त्यांच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलोय. त्यातला एक गोल मारायचा तेव्हा आख्खी पेठ त्याला खांद्यावर घ्यायची. आणि तोच चुकला की पायऱ्यांवरनं जे शब्द यायचे ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. माझ्या शेजारी आठ-नऊ वर्षांचं पोरगं बसलेलं, बापाबरोबर तेच ओरडत होतं, त्याला अर्थ माहीत नव्हता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि मी बोललो नाही याचं आजही वाटतं.

आणि आफ्रिकेतला माणूस आपल्या इतिहासात नवीन आहे का? मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेला, पुढं निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना दख्खनमध्ये घाम फोडला, आजचं संभाजीनगर त्यानंच खडकी म्हणून वसवलं. आपल्यापासून लांब नाही, कारवार जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरला सिद्दी लोक राहतात, पिढ्यान्‌पिढ्या. त्यातले काही घरात कोकणी बोलतात, मराठीही येते. आपल्या पोरांना हे दाखवलं पाहिजे.

सूनबाई_कागल
यल्लापूरला आम्ही गेलोय धबधबा बघायला. सिद्दी बायकांनी शिवलेल्या गोधड्या मिळतात, रंगीत तुकड्यांच्या, कवंदी म्हणतात त्यांना. माझ्या आईची वाकळ आणि ती गोधडी शेजारी ठेवली तर बहिणी वाटतील.

खडूफळा
मी प्राथमिक शिक्षिका, २२ वर्षं झाली. धागा वाचताना हात थरथरला, कारण असे हात मीही वर करायला लावलेत. सांगते का होतं. शिष्यवृत्तीची माहिती पोर्टलवर भरायची असते, तारीख तोंडावर असते, दाखले अर्ध्या मुलांचे आलेले नसतात, वर्गात पन्नास मुलं. मग सोपं काय, तर वर्गातच विचारायचं. वाईट हेतू नसतो. पण मुलाला हेतू दिसत नाही, त्याला फक्त मागं वळून बघणारी पन्नास तोंडं दिसतात.

माझी एक चूक लिहिते. सात-आठ वर्षांपूर्वी उत्साहानं मी प्रकल्प दिला, आपल्या समाजाची माहिती, आजोबांचा व्यवसाय, सण, देव लिहून आणा. मला वाटलं सगळ्यांना अभिमान वाटेल. ज्यांच्या घराण्याच्या बखरी आहेत त्यांनी पानंच्या पानं आणली, फोटो आणले, तलवारीचे चित्र. एक मुलगी कोरी वही घेऊन आली. तिची आई म्हणाली, बाई काय लिहायचं, मेलेली ढोरं ओढायचो ते? मी त्या माउलीसमोर काहीच बोलू शकले नाही.

म्हणून @रंकाळ्याकाठची ताई, विषय असावा हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण तो मुलांना आपली जात सांगायला लावून शिकवायचा नाही. मुलानं काही उघड करायचं नाही, शिक्षकानं सगळ्यांचं सगळं सांगायचं. कैकाडी मुलगा वर्गात असो नसो, कैकाड्यांची गोष्ट सगळ्यांना. मग ज्याची आहे तो मनातल्या मनात ताठ बसतो. हे मी नंतर करून बघितलंय. आणि यादीचं म्हणाल तर मी आता पालकांना एकेक करून बोलावते, वर्गात अवाक्षर काढत नाही. दोन दिवस जास्त लागतात, लागू देत.

सरळमार्गी
@खडूफळा बाई, तुमचं पटतंय. माझा विरोध मुलांना गटात बसवायला होता, तो तुम्ही काढून टाकला. तरी एक शंका आहे. शाहू महाराजांनी तरी काय केलं, प्रत्येक जातीचं वेगळं बोर्डिंगच काढलं ना? मग आपण एकत्र एकत्र म्हणतो ते काय?

जुनं_दप्तर
फार चांगला प्रश्न विचारलात, आणि याच प्रश्नावर सातवी-आठवीच्या पोरांनी वाद घालावा असं मला वाटतं. महाराजांनी सुरुवात एकत्रच केली होती. १८९६ चं राजाराम होस्टेल सगळ्या जातींसाठी होतं. पण तिथं बहुजनांची पोरं टिकेनात, हळूहळू ते एकाच वरच्या जातीचं झालं. म्हणजे दार सगळ्यांना उघडं आणि आत राहणं अवघड. मग १९०१ पासून वेगळी बोर्डिंगं निघाली, मराठा, जैन, नंतर मुस्लिम, लिंगायत, १९०८ ला अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुस्लिम बोर्डिंगचे अध्यक्ष महाराज स्वतः होते. मध्ये १९०२ चा २६ जुलैचा जाहीरनामा, रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्यांना. १९१७ ला सक्तीचं मोफत शिक्षण, पोर शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला रुपया दंड.

आणि १९१९ मध्ये त्याच राजानं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुलं सगळ्यांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. म्हणजे राहायला आधार वेगळा, शिकायला बाक एकच. बोर्डिंगमध्ये पोराला पाठीशी आपली माणसं मिळाली आणि वर्गात सगळ्यांबरोबर बसायचा हक्क मिळाला. मला यात विसंगती दिसत नाही, क्रम दिसतो. तुम्हाला दिसत असेल तर भांडू, पण पोरांसमोर भांडू.

फुटकी_खाण
@जुनं_दप्तर क्रम दिसतो हे बरोबर, पण एक पुस्ती जोडतो. त्या बोर्डिंगांच्या यादीत आमचं नाव शोधू गेलो की हाताला फार लागत नाही. ज्यांचं गावच नाही त्यांची पोरं कुठल्या बोर्डिंगात जाणार? राजा मोठा होताच, पण राजाच्या काळातही काही लोक वेशीबाहेरच्याही बाहेर होते. हेही शिकवा. नाहीतर आरती होईल, इतिहास होणार नाही.

जुनं_दप्तर
मान्य. माझ्याकडून ते सुटलं.

कारखाना_रोड
वेशीबाहेरचं म्हणताय तर आत्ताचं सांगतो. दिवाळी झाली की आमच्या गावाबाहेर बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, खोपी पडतात, पोरं संगं. आमच्या गावातली पोरं त्यांना ‘तोडकऱ्याची’ म्हणून हिणवतात, खेळात घेत नाहीत. त्या पोरांची शाळा तिकडं सुटते, इकडं कुणी नीट घेत नाही, साखरशाळा कुठं आहेत कुठं नाहीत. आम्ही ज्या साखरेवर घरं बांधली ती तोडणारी ही माणसं. माझ्या पोरीच्या पुस्तकात साखर कारखान्याचा सहकार आहे, कोयता धरणारी बाई नाही. तिचंबी एक पान पाहिजे.

पेठेतला_गडी
ह्या धाग्यावर आज रडवायचंच ठरवलंय काय सगळ्यांनी. दुपारची मिसळ थंड झाली माझी.

सूनबाई_कागल
मिसळ थंड होऊ देणारा कोल्हापूरकर पयल्यांदाच बघितला 😄

स्टेडियमची_पायरी
मिसळीवरनं आठवलं, गंगाराम कांबळेंचं हॉटेल. वरच्या जातींच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारलं होतं, महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली, सत्यसुधारक नाव. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, तर महाराज भाऊसिंगजी रोडवर गाडी थांबवून स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या लोकांनाही पाजायचे. माझ्या मते पाठ्यपुस्तकाची वाट कशाला बघायची? दसरा चौकात उभं राहिलं की बोर्डिंगांच्या इमारती आसपासच आहेत. तिथनं चालत भाऊसिंगजी रोड. एका रविवारी पोरांना घेऊन फिरू. जमलं तर दुसऱ्या रविवारी माणगावला, १९२० च्या मार्चमध्ये परिषद झाली ते गाव, बाबासाहेब अध्यक्ष आणि महाराज स्वतः हजर.

बे_एरियाचा_करवीरकर
मी जूनमध्ये येतोय, तेव्हा परत काढा एक फेरी. माझ्या पोरांना सिव्हिल राइट्सची तारीखवार माहिती आहे, दसरा चौक माहीत नाही.

रंकाळ्याकाठची
तीन दिवसांनी लिहितेय. काय काय झालं ते सांगते.

@फुटकी_खाण दादांचं मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, म्हणजे त्याच्या आजोबांची हजेरी पोलीस घ्यायचे आणि आपली बाई घेतात? मी म्हटलं असं नाही रे, पण नंतर विचार केला की त्याला जे कळलं ते फार चुकीचं नाही.

मग त्या मुलाच्या घरी गेले. आधी नुसता चहा. आजोबा अंगणात बसले होते, अजून टोपल्या विणतात, मागणी नाही तरी. मी माफी मागितली, माझी चूक नसली तरी. मी म्हटलं, तुम्ही शाळेत येऊन मुलांना विणकाम दाखवाल का, सगळ्यांना कळेल. त्यांनी काम न थांबवता नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, पोराला तिथं रोज बसायचंय, मी एक दिवस येऊन जाणार. माझी टोपली दाखवली की त्याला जन्मभर टोपलीवाला म्हणतील. तुमच्या बाईला सांगा, आमचं सांगायचं तर आमच्या पोराकडं न बघता सांगा.

@खडूफळा बाई, तुम्ही जे २२ वर्षांत शिकलात तेच ते म्हणाले.

शाळेत मुख्याध्यापकांना भेटले. यादी वर्गात वाचायची नाही हे लगेच मान्य झालं. शिकवण्याचं म्हणाल तर अभ्यासक्रम आमच्या हातात नाही म्हणाले, पण शनिवारचा एक तास देतो, कुणीतरी तयारी करून या. मी जाणार आहे. पहिला तास १९१८ च्या हजेरीवर घ्यायचा विचार आहे, सगळ्या सातवीला. @फुटकी_खाण, @जुनं_दप्तर, मला कागद पाठवाल का? चुकीचं काही सांगायचं नाहीये.

फुटकी_खाण
कागद कशाला, मी येतो. मागच्या बाकावर बसतो. कुणाचा कोण म्हणून सांगू नका.

खडूफळा
मीही येते. तासाला सुरुवात हजेरीपटानं करा. तुमचा पट घ्या, सगळी नावं हाका मारा, मग विचारा की हेच चौकीवर रोज करावं लागलं तर. बाकी मुलं बोलतील.

सरळमार्गी
ताई, शनिवारी किती वाजता? माझा नातू तुमच्याच भागातल्या शाळेत सहावीला आहे. तिथल्या सरांशी मी बोलून बघतो.

पेठेतला_गडी
समदं झकास. पण पोरगं ग्राउंडवर आलं का ते कुणी इचारलंच न्हाई.

रंकाळ्याकाठची
काल आलं. मागं बॅकला खेळलं, जास्त बोललं नाही. बूट घरी विसरला होता, माझ्या मुलानं त्याचे जुने दिले.